सहापैकी पाच

मानवतच्या आमच्या जिनिंगमध्ये
अकरा नंबरच्या यंत्राशेजारी
खिळ्याला एक पुठ्ठा टांगलेला.
पुठ्ठ्यावर कागद, कागदावर चौदा रकाने.
पेन कुणी नेऊ नये म्हणून दोरी,
माणूस कुणी नेऊ नये म्हणून कागद.
दोरी आपलं काम चोख करायची.

रात्रपाळीचा मुंजाभाऊ
चहा निवायच्या आत चौदा खुणा करायचा.
बरोबर, बरोबर, बरोबर,
तारेवर बसलेल्या भोरड्यांसारख्या
सगळ्या एकाच दिशेला तोंड करून.
सकाळी मीही तेच करायची, खोटं कशाला बोलू.
पाडव्याला जिन बंद होती,
त्या तारखेलाही चौदा खुणा सापडल्या.
यंत्रातून वेगळा आवाज येत नाही: बरोबर.
आवाजच नव्हता.

अन्सार मिस्त्रीनं तो कागद उन्हात धरला.
उजव्या हाताला साडेतीन बोटं,
त्यांच्यामधून ऊन कागदावर पडलं.
म्हणाला, "बाई, मशीनला लिहिता-वाचता येत नाही.
पुठ्ठ्यावर तुम्ही काय लिहिलंय
ते तिला कसं कळणार?"

मग जेवणाच्या सुट्टीत
सरकीच्या पोत्यांवर बसलो आम्ही सगळे,
भाकरी एका हातात, कागद मधोमध.
"संरक्षक आवरण सुस्थितीत आहे काय?"
मिस्त्रीनं विचारलं, हे कुणाच्या तोंडचं?
कुणाच्याच नव्हतं. खोडलं.
लिहिलं: जाळी हातानं हलवली? बोल्ट मोजा. आकडा लिहा.
गयाबाई म्हणाली, पदर खोचलाय का
हे जिचं तिनं नाही सांगायचं,
शेजारणीनं बघायचं. मपला पदर मला कुठं दिसतो?
लिहिलं.
बादलीत वाळू आहे, की पानाच्या पिचकाऱ्या? लिहिलं, हसत हसत.
मेन स्विच बंद करून किल्ली कुणाच्या कमरेला?
इथं खूण चालणार नाही, नाव पाहिजे.
चौदाचे आठ झाले.
मिस्त्री म्हणाला, जे रोज बघायचं नाही
ते रोज विचारू नका, माणूस खोटं बोलायला शिकतो.

पौषातली ती सकाळ.
फाटकापासून पार रेल्वे फाटकापर्यंत कापसाचे टेम्पो,
ड्रायव्हर टायर पेटवून शेकत बसलेले.
मी स्विच पाडला, किल्ली कमरेला खोचली,
जाळीवरून बोट फिरवलं.
एक, दोन, तीन, चार, पाच.
पुन्हा मोजले.
सहाव्याच्या जागी नुसतं भोक,
त्यातून आतला काळा पट्टा दिसत होता.
लिहिलं: सहापैकी पाच.

मुनीमजी धावत आले, मफलर सोडून.
एका बोल्टापायी गाड्या ताटकळत ठेवता का?
त्यांचंही खरं होतं, रांग मला दिसत होती.
भांडले नाही.
नुसता पुठ्ठा पुढं केला.
किल्ली: शेवंता धापसे.
स्वतःचं नाव मी स्वतःच्या हातानं
खोटं कसं पाडू?

चाळीस मिनिटं लागली.
बोल्ट कापसाच्या ढिगात सापडला,
रोलरपासून हातभर अलीकडं.
तो आत गेला असता तर ठिणगी,
आणि ठिणगीनंतर या कापसात काय होतं
ते इथं कुणी कुणाला समजावत नाही.
मिस्त्रीनं बोल्ट सदऱ्याला पुसला, लावला, आवळला.
काही बोलला नाही.
मुनीमजींनी मफलर गुंडाळला, तेही काही बोलले नाहीत.
आम्ही एकमेकींचे पदर पाहिले
आणि जिन सुरू झाली.
त्या दिवशी काहीच घडलं नाही.
त्याला रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाळी घ्यायला आले
तर पुठ्ठ्यावर मुंजाभाऊचं अक्षर,
वाकडंतिकडं, पेन दाबून लिहिलेलं:
सहापैकी सहा. एक ढिला होता. आवळला.
खाली स्टुलावर त्याचा चहा,
तसाच, साय धरलेला.